कॅमडेनमध्ये आपला वार कोणता?



पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर मुलं झोपल्यावर वाचा. काही जणांना पटणार नाही. हरकत नाही, पण पूर्ण वाचा आणि मग भांडा.

जानेवारीतली गोष्ट. आमच्या फ्लॅटचा २०२० साली पाच वर्षांसाठी घेतलेला फिक्स रेट संपला. तेव्हा व्याज दीड टक्क्याच्या आसपास होतं, आता जवळजवळ तिप्पट. हप्ता महिन्याला चारशे पौंडांच्या वर वाढला. तुमच्यातल्या निम्म्या घरांत हेच झालंय किंवा होणार आहे, त्यामुळे जास्त रडगाणं गात नाही. रविवारी रात्री नवरा लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसला आणि आम्ही खर्चाला कात्री लावायला घेतली. दोनपैकी एक टीव्हीचं सबस्क्रिप्शन गेलं. शनिवारचं बाहेरचं जेवण गेलं. लेकीचा जिम्नॅस्टिक्सचा क्लास वाचला, पण थोडक्यात.

त्या यादीत १५ पौंडांची एक ओळ होती. आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरला दर महिन्याला जाणारं डायरेक्ट डेबिट. लेक बग्गीत होती तेव्हा, म्हणजे २०१९ मध्ये, मीच सुरू केलेलं. नवऱ्याने विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" आम्ही दोघंही हसलो आणि मी म्हणाले, कर बंद. माझं जिम मात्र चालू ठेवलं, हेही इथेच कबूल करून टाकते.

महिन्याभरानं त्याच सेंटरमध्ये, बुधवार सकाळच्या प्लेग्रुपला, दारावर कागद लावलेला दिसला. ईस्टरनंतर बुधवारचं सत्र बंद, शुक्रवारचं तेवढं सुरू राहील. माझा धाकटा अडीच वर्षांचा आहे. त्याचा आठवडा बुधवार ते बुधवार असा चालतो. पण त्याचं सोडा. त्या खोलीत एक आजीबाई दोन नातवंडांना एकट्या सांभाळतात. एक सोमाली आई येते, जिला घरी बोलायला दुसरं मोठं माणूस नाही. आणि आमची एक मराठी मैत्रीण येते. तिचा नवरा नाईट शिफ्ट करून सकाळी झोपतो आणि एका खोलीच्या घरात दोन तास मुलाला गप्प ठेवणं म्हणजे काय, ते तिलाच माहीत.

तो प्लेग्रुप चालवणाऱ्या बाई गेली कितीतरी वर्षं तिथे आहेत. मी विचारलं, असं का? त्यांनी हिशेब सांगितला. हीटिंगचं बिल, पगार, एक ग्रँट संपली ती पुन्हा मिळाली नाही. आणि शेवटी म्हणाल्या, की मोठे देणगीदार आधीही नव्हतेच, पण दर महिन्याला दहा-पंधरा पौंड देणारे होते, ते एकेक करून गळाले. त्यांना अर्थातच माहीत नव्हतं की गळालेल्यांपैकी एक समोर उभी राहून टोस्टला लोणी लावतेय. मी लोणी लावत राहिले.

माझ्या पंधरा पौंडांनी बुधवार वाचला नसता, एवढं गणित मलाही येतं. पण असे चाळीस जण त्या एकाच रविवारी आपापल्या टेबलाशी बसले असणार. प्रत्येकाला वाटलं असणार, माझ्या एकट्यानं काय फरक पडतो.

त्या दिवसापासून मला माझ्या आजोबांचा गुरुवार आठवतोय.

आईचे वडील पुण्यात वार लावून शिकले. आपल्या मुलांना हे सांगायला गेलं तर आधी 'वार' म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. गावाकडचा गरीब मुलगा शहरात शिकायला यायचा. खानावळ परवडायची नाही. मग ओळखीपाळखीतून सात घरं ठरायची, सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. सगळ्या वारांना घर मिळालं तर नशीब. देणारी घरंही काही श्रीमंत नसायची. कारकून, मास्तर, भिक्षुक. एका जास्तीच्या पानाचा भार एकट्या घराला झेपला नसता, पण आठवड्यातून एकदा एक पान झेपायचं. या पद्धतीची सगळी अक्कल त्या वाटणीत होती.

आजोबांच्या गुरुवारच्या घरचे कर्ते नोकरीवरून गेले. त्या घरच्या बाईंनी स्वतः दारात येऊन सांगितलं, बाळ, पुढच्या गुरुवारपासून येऊ नकोस. पुढची दोन वर्षं आजोबांचा गुरुवार फुटाण्यांवर आणि पाण्यावर गेला. ते म्हातारपणी हे दत्ताचा उपास होता असं सांगून हसायचे. पण गंमत बघा, सहा घरांनी त्यांना नियमानं जेवायला घातलं, त्यातल्या एकाचंही आडनाव आम्हा नातवंडांना ठाऊक नाही. गुरुवारच्या घराचं मात्र ठाऊक आहे. रागानं नव्हे. त्या बाई दारात उभ्या राहून सांगताना रडल्या होत्या, म्हणून.

आता या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर ही नुसती जुन्या पुण्याची गोड आठवण होऊन बसेल. वार मिळायचा तो जातीतल्या मुलाला. पंगतीला कोण बसू शकतो हे ठरलेलं होतं. महाराचा किंवा मांगाचा मुलगा कितीही हुशार असो, त्या सात दारांपैकी एकही त्याच्यासाठी उघडलं नसतं. आपलं दातृत्व खरं होतं, पण त्याला कुंपण होतं. आणि मला भीती वाटते की ते कुंपण आपण विमानात घालून इकडे घेऊन आलोय.

कॅमडेनमध्ये राहणाऱ्या, आणि इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर माहीत आहे. प्रिमरोझ हिलच्या जवळचं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक झालं. भारतातून कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतोच. घर पाहतो, फोटो काढतो, आणि मग टेकडीवर जाऊन लंडन बघतो.

पण त्या घरापर्यंतचा रस्ता कसा होता? १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तिथून १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास, दोन्ही सुरू झालं. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत जावं लागलं. बुद्धी तीच होती, जिद्दही तीच. थांबला होता फक्त पैशाचा ओघ. पुन्हा लंडनला यायला १९२० साल उजाडलं. तेही सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै-पै साठवली, शाहू महाराजांनी हात दिला आणि नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा. परत आल्यावरही अर्धपोटीच दिवस काढले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर अभ्यास, आणि रात्री भूक लागली की पापड भाजून खाणं. त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकलीय.

आपण तिथून 'किती कष्ट केले बघा' एवढंच घेऊन येतो आणि मुलांना अभ्यासाला बसवतो. मला त्या गोष्टीत आता दुसरंच दिसतं. एक तर दर महिन्याला येणारी मदत, आणि ती थांबली तेव्हा तुटलेला अभ्यास. आणि दुसरं म्हणजे हात देणाऱ्यांची नावं. एक मराठा राजा, दुसरा मराठा राजा आणि एक पारशी मित्र. यातला कोणीही 'आपल्यातला' म्हणून देत नव्हता.

आता आपलं बघू. आपण मराठी माणसं कंजूस नाही. इथे ज्यांना मी ओळखते त्यातलं प्रत्येक घर काही ना काही देतं. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेला संगणक, पूर आला की पूरग्रस्त निधी, चुलत भावाच्या मुलीची फी, मंडळाच्या गणपतीची वर्गणी. कोल्हापूर-सांगलीला २०१९ मध्ये पूर आला तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवसांत जमलेला आकडा बघून मी थक्क झाले होते. ते थांबवा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण ज्या रस्त्यावर आपली मुलं वाढताहेत त्या रस्त्यावर आपला वार कुठे आहे?

उत्तर मला माहीत आहे, कारण मीच ते दिलंय: "आपण टॅक्स भरतो ना! काउन्सिल टॅक्स तर विचारूच नका."

भरतो. पण इथल्या बऱ्याच गोष्टी काउन्सिल चालवतं असं आपल्याला वाटतं आणि तसं नसतं. मलाही वाटायचं. केंटिश टाउनचा सिटी फार्म, जिथे आपली सगळी पोरं बकऱ्यांना बघायला गेलीत, तो १९७२ पासून आहे, देशातला पहिला सिटी फार्म, आणि तो एक चॅरिटी आहे. ब्लूम्सबरीतलं कोरम्स फील्ड्स, तेही चॅरिटी. सोबत लहान मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत अशी ती बाग. तिची जागा अठराव्या शतकातल्या फाउंडलिंग हॉस्पिटलची. थॉमस कोरम नावाच्या दर्यावर्दी माणसानं लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली तान्ही मुलं बघितली आणि सतरा वर्षं लोकांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे १७३९ मध्ये राजाची सनद मिळाली. नंतर आया इतक्या येऊ लागल्या की पिशवीतून चेंडू काढायला लावायचे. पांढरा निघाला तर बाळ आत, काळा निघाला तर परत. पैसे कमी आणि मुलं जास्त, म्हणून. मी फाउंडलिंग म्युझियममध्ये हे वाचलं तेव्हा धाकटा कडेवर होता, आणि मला पुढची पाटी वाचवली नाही.

१९२०च्या दशकात ती संस्था लंडनबाहेर हलली आणि जागा बिल्डरच्या हाती गेली. आसपासच्या लोकांनी मोहीम काढली, वर्गणी जमवली, लॉर्ड रॉदरमियर यांनी मोठी रक्कम दिली, तेव्हा ती जागा मुलांसाठी वाचली. १९३६ मध्ये बाग सुरू झाली. आज आपण तिथल्या वाळूत पोरं सोडतो आणि बाकावर बसून फोन बघतो.

आणि किंग हेन्रीज रोडच्या त्या घरापासून चालत काही मिनिटांवर, शार्पल्सहॉल स्ट्रीटवर, एक छोटं वाचनालय आहे. प्रिमरोझ हिल कम्युनिटी लायब्ररी. आधी ते काउन्सिलचं होतं, चॉक फार्म लायब्ररी. सरकारी कपातीत काउन्सिलनं २०१२ साली ते सोडलं. तेव्हा रहिवाशांनी पैसे उभे केले आणि तेव्हापासून ते देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतंय. ज्या माणसानं या शहरात वाचनालयात दिवसच्या दिवस काढले, त्याच्या घराला आपण दर वर्षी फुलं वाहतो आणि कोपऱ्यावरचं वाचनालय ओलांडून ट्यूब पकडतो. मी स्वतः चार वेळा ओलांडलंय.

तर सांगायचा मुद्दा हा, की चॅरिटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'ते' येतात. ते घेणारे, आपण देणारे. प्रत्यक्षात मुलं लहान असताना घेणारे आपणच असतो, फक्त त्याला आपण चॅरिटी म्हणत नाही. प्लेग्रुप म्हणतो, फार्म म्हणतो, हाफ टर्मचा क्लब म्हणतो.

आणि कधीकधी 'ते' खरोखरच आपल्यातले असतात. युसीएल, सोआस, बर्कबेक ही सगळी विद्यापीठं कॅमडेनमध्येच येतात. दर सप्टेंबरला आपल्याकडची मुलं-मुली येतात, गावी जमीन किंवा घर तारण टाकून कर्ज काढलेली. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं आणि सरकारी भत्त्यांवर हक्क नसतो. गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्यांच्या मुलाला मी जेवायला बोलावलं. मराठवाड्यातला, हुशार, बोलायला गोड. त्यानं तीन वेळा भात घेतला. नंतर भांडी विसळताना हळूच म्हणाला, "काकू, आठवड्यातून दोनदा मी फुकट जेवण देतात तिथे जातो. आईला कळू देऊ नका."

मी त्याला सांगितलं, त्यात लाज कसली. पण मनात म्हटलं, बरं झालं कुणीतरी ते जेवण देतंय, आणि ते कुणीतरी मी नाहीये. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फूडबँकेतून धान्य घेतलं तर व्हिसाला धक्का लागत नाही. ती सरकारी मदत, म्हणजे 'पब्लिक फंड्स', धरली जात नाही. कुणी मूल उपाशी बसलं असेल तर कृपया सांगा त्याला.)

ट्रसेल या संस्थेच्या फूडबँकांनी २०१८-१९ मध्ये देशभरात १६ लाख पाकिटं वाटली होती. २०२४-२५ मध्ये आकडा सुमारे २९ लाख होता. मधल्या काळात काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ११.१ टक्क्यांवर गेली, व्याजदर ०.१ वरून ५.२५ वर चढला. जे हीटिंगचं बिल आपल्याला येतं तेच कम्युनिटी सेंटरला येतं, फक्त मोठ्या हॉलचं. एप्रिल २०२५ पासून नोकरी देणाऱ्याला भरावा लागणारा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो वर्षाला ९,१०० ऐवजी ५,००० पौंड पगारापासूनच लागू झाला. अगदी छोट्या संस्थांना सूट आहे, पण वीसेक माणसं पगारावर असलेल्या संस्थेचा खर्च यानं वर्षाला हजारो पौंडांनी वाढला. म्हणजे लोकांची गरज वाढते, खर्च वाढतो आणि देणारे गळतात, हे सगळं एकाच वेळी होतं. आजोबांचा गुरुवार असाच गेला. ज्या वर्षी मुलाला सगळ्यात जास्त गरज होती, त्याच वर्षी त्या घराचीही नोकरी गेली होती.

म्हणून माझं मत असं: हात आखडायची वेळ आली तर आखडा, पण शून्यावर आणू नका. पंधराचे पाच करा. दर महिन्याला येणाऱ्या पाच पौंडांवर संस्थेला काहीतरी ठरवता येतं. दिवाळीला एकदम आलेल्या शंभरावर कुणाचा पगार ठरत नाही. आपल्याला हे नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरून माणशी वर्षाला एक पैसा मागत होते. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा द्यायला कुणालाच जड नव्हतं, तो मागत फिरायला मात्र माणूस लागला.

डब्यांबद्दलही बोलते. शाळेच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलला आपण कपाटातला मागे राहिलेला चवळीचा डबा आणि कुणालाच न आवडलेलं सूप पोरांच्या हातात देतो, फोटो काढतो, आणि संस्कार झाले. माझ्या फोनमध्ये असे फोटो आहेत, म्हणून बोलते. डबे द्या, चांगलंच आहे. पण ज्यांचं काम आहे त्यांना विचारलं तर बहुतेक जण पैसेच मागतील, कारण विजेचं बिल चवळीनं भरता येत नाही. आणि देताना 'हे फक्त मुलांच्या खेळण्यांसाठीच वापरा' अशा अटी घालू नका. खेळणी सगळ्यांनाच द्यायची असतात. छपराची गळती दुरुस्त करायला कुणी देत नाही.

आता थोडा हिशेब, कारण आपल्यातले निम्मे लोक आयटी नाहीतर फायनान्समध्ये आहेत आणि तरीही हे करत नाहीत. देताना गिफ्ट एडच्या चौकोनात खूण करा. तुम्ही इथे पुरेसा टॅक्स भरत असाल तर तुमच्या १० पौंडांचे संस्थेला १२.५० होतात, वरचे अडीच सरकार देतं. तुम्ही ४० टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर आणखी अडीच पौंड तुम्हाला स्वतःला परत मागता येतात. म्हणजे तुमच्या खिशातून गेले साडेसात आणि पोचले साडेबारा. आणि ज्यांचं उत्पन्न एक लाखाच्या थोडं वर गेल्यामुळे मुलांच्या नर्सरीचे मोफत तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर हातचं जातंय, त्यांनी नीट ऐका. गिफ्ट एडनं दिलेली देणगी त्या उत्पन्नातून वजा धरली जाते. पेन्शनचं सगळ्यांना माहीत असतं, याचं कुणी सांगत नाही. आपापल्या अकाउंटंटला विचारा.

गावच्या संस्थेला थेट पाठवलेल्या पैशावर हे काही मिळत नाही. शिवाय तुम्ही ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल, ओसीआय असाल, तर तुमचा पैसा भारतात परदेशी देणगी ठरतो आणि ती घ्यायला त्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवायला ती अडचण नाही. गावच्या शाळेला अडचणीत आणण्याआधी एवढं तपासा.

"पण हे लोक पैसे खातात" असं म्हणणारा एक तरी काका प्रत्येक ग्रुपवर असतो. काका, चॅरिटी कमिशनच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव टाका, हिशेब समोर येतो. आपल्या मंडळांच्या वर्गणीचा हिशेब इतक्या सहज कधी मिळाला होता ते आठवून बघा.

एक मुद्दा मात्र मला अजून पूर्ण सुटलेला नाही, तो तसाच मांडते. माझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तिकडच्या गोऱ्यांना कशाला देता गं, त्यांचं सरकार आहे की. आपल्याकडे पाण्याचा टँकर आठवड्यानं येतोय." त्यांच्या म्हणण्यात खोटं काही नाही. त्यांच्या गावातला एक पौंड इथल्या पौंडापेक्षा जास्त पुरतो, हेही खरं. मी त्यांना उत्तर दिलं नाही. पण प्लेग्रुपला येणाऱ्या त्या आजीबाई, ती सोमाली आई, आमची मैत्रीण, यांतलं गोरं कोण आहे? आणि माझी लेक जेव्हा 'माझं गाव' म्हणते तेव्हा तिला केंटिश टाउन म्हणायचं असतं. ते तिचं गाव आहे तर तिच्या गावच्या वर्गणीत तिच्या आईबापाचं नाव नको?

गेल्या रविवारी पुन्हा लॅपटॉप उघडला. नवरा म्हणाला, पंधरा जमणार नाहीत. मी म्हटलं, नकोच. मग त्यानंच आपल्या एका ॲपचं सबस्क्रिप्शन शोधून काढलं, महिन्याला आठ पौंडांचं, जे त्यानं वर्षभरात उघडलं नव्हतं. आता आठ पौंड सेंटरला जातात, गिफ्ट एड धरून दहा. बुधवार परत आलेला नाही. बाई म्हणाल्या, सप्टेंबरपर्यंत बघू, आणखी वीसेक जण आले तर. मैत्रिणीनं पैसे देणं शक्य नाही म्हणून शुक्रवारी खुर्च्या लावायचं आणि चहाच्या किटलीचं काम अंगावर घेतलंय. मराठवाड्याचा तो मुलगा शुक्रवारी आमच्याकडे जेवतो. मंगळवार आणि शनिवार त्याचे अजून मोकळे आहेत. ब्लूम्सबरीच्या जवळपास कुणी राहत असाल तर मला मेसेज करा. मुलगा सगळं खातो, फक्त कारलं नको.